परतफेड कधीपासून?

बँकेत असताना प्रकल्पकर्जाचे प्रस्ताव टेबलावर येत. पहिला प्रश्न ठरलेला असे: परतफेड कधीपासून? स्वीडनमधल्या लुंड या विद्यापीठाच्या गावाजवळ उभारलेल्या ‘युरोपियन स्पॅलेशन सोर्स’चा प्रस्ताव आला असता, तर मी तो शेरा मारून परत पाठवला असता.

खर्च २०१३ च्या किमतींनुसार सुमारे १८४ कोटी युरो. भागीदार तेरा देश. आणि उत्पादन काय, तर न्यूट्रॉन! चॅडविक यांनी १९३२ मध्ये शोधलेल्या या कणावर विद्युतभार नाही. म्हणूनच तो धातूत खोलवर शिरतो. क्ष-किरणांना जेमतेम जाणवणारा हायड्रोजन त्याला चांगला सापडतो. बॅटरीत, चुंबकात, प्रथिनात अणू कुठे बसले आहेत आणि कसे हलतात, हे त्याच्याकडून कळते.

तो मिळवण्याची रीत मात्र दांडगी. सुमारे ६०० मीटर लांबीच्या यंत्रातून प्रोटॉन पळवायचे आणि सेकंदाला १४ वेळा टंगस्टनच्या फिरत्या चाकावर आदळायचे. त्या आघाताने न्यूट्रॉन बाहेर उडतात.

हे चाक स्पेनने दिले. प्रोटॉनचा उगम सिसिलीतल्या कातानियाहून आला. बऱ्याच देशांनी वर्गणीचा मोठा भाग रोख न देता यंत्रांच्या रूपाने दिला. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार असाच होतो. कोणी वाळू देतो, कोणी लाकूड, कोणी अंगमेहनत. त्यात प्रत्येकाला काम आपले वाटते. पण एकाची गाडी अडली की सगळे गवंडी बसून राहतात. लुंडची जागा २००९ मध्ये ठरली, बांधकाम २०१४ मध्ये सुरू झाले. पहिल्या न्यूट्रॉनसाठी सुरुवातीला धरलेले २०१९ साल हुकले. बँकेच्या भाषेत हे खाते केव्हाच संशयास्पद ठरले असते.

पण दुसरी एक खतावणी आहे. न्यूट्रॉनच्या साहाय्याने अणूंची हालचाल मोजण्याचे ब्रॉकहाउस यांचे काम कॅनडात १९५० च्या दशकातले. आपले पी. के. अय्यंगार त्यांच्याकडे शिकून आले आणि तुर्भ्याला ही विद्या रुजली; १९८५ मध्ये तिथे ‘ध्रुव’ अणुभट्टी सुरू झाली. ब्रॉकहाउस यांना नोबेल मिळाले ते १९९४ मध्ये.

चाळीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज मी कधीच मंजूर केले नाही. तशी कर्जे कोणीतरी मंजूर केली, म्हणून निदान आज आपल्याला अणूंची हालचाल ठाऊक आहे.