घरच्या समुद्रांतील मऊ पोवळीं

अंधेरी-मुलुंडकडील बिऱ्हाडांतून हल्लीं खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटीहि क्वचित् दृष्टीस पडते, व तींत पहिलें पोवळें बहुधा मऊ जातीचें असतें. दगडी पोवळ्यांसारखा चुन्याचा भरीव सांगाडा यांना रचावा लागत नाहीं. म्हणून यांतील कित्येक फार लौकर वाढतात.

ही वाढच सांभाळावयाची असते. झेनिया जातीचे हात सारखे मिटत-उघडत असतात. या उघडझापीनें भोंवतालचें पाणी हालून प्राणवायु बाहेर पडतो व अंगांतील शैवालाचें अन्न करण्याचें काम वाढतें, असें इस्राएलांतील संशोधकांनीं २०१३ सालीं दाखविलें. परंतु हीच झेनिया दगडामागून दगड व्यापीत जाते. 'ग्रीन स्टार'ची जांभळी साय तर कांचेवरहि चढते. अशांना मुख्य खडकापासून दूर, वाळूंत एकटा दगड द्यावा व बाहेर सरकलेली कड वेळींच सोलून काढावी. भरल्या घरांत आजोबांपासून नातवंडांपर्यंत प्रत्येक जण माशांना चिमूटभर खाऊ टाकतो. त्या उष्ट्यावर हीं पोवळीं अधिकच फोफावतात. तें काम एकाकडेच असलेलें बरें. 'लेदर' नांवाचें पोवळें कांहीं दिवस मिटून मेणचट कात टाकतें. तें मेलें समजून फेकूं नये. शेजाऱ्यांना जाचणारीं द्रव्यें मात्र तें पाण्यांत सोडतें, त्यासाठीं गाळणींत कोळसा ठेवावा.

वर्सोव्याचें पाणी भरून आणण्याचा मोह टाळावा; त्यांत सांडपाणी मिसळलेलें असतें. आर.ओ.च्या पाण्यांत विकतचें समुद्रमीठ हजारीं ३५ भाग घालावें. पाणी आटतें, मीठ आटत नाहीं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची.

समुद्रपंखा मऊ पोवळ्यांचाच भाऊबंद. पण दगडी पोवळ्यांबरोबर तोहि २००१ सालापासून वन्यजीव कायद्यानें संरक्षित आहे. दुकानदारानें कितीहि गळ घातली तरी तो घेऊं नये.

कापलेले तुकडे खाडींत सोडण्याची भूतदया तर मुळींच नको. हौशी लोकांच्या व्यापारांतून गेलेलें उनोमिया नांवाचें असेंच मऊ पोवळें व्हेनेझुएलाच्या मोचिमा किनाऱ्यावर मूळच्या प्रवाळांना झांकून पसरलें आहे. आपल्या मुंबईच्या खडकांवरहि पोवळीं आहेत. किनारी रस्त्यासाठीं वरळी व हाजी अली येथील १८ वसाहती २०२० सालीं उचलून अन्यत्र लावण्यांत आल्या. जास्तीचे तुकडे दुसऱ्या हौशी माणसाला द्यावे. कोणी न घेतल्यास उन्हांत पुरते वाळवून केरांत टाकावे.