गळता नळ, ओली भिंत आणि कापलेले डिपॉझिट : भाड्याच्या घरात दुरुस्ती कोणी करायची?



शिक्षणासाठी, स्पर्धा परीक्षेसाठी, नोकरीसाठी आपली मुले-मुली पुणे, मुंबई, नागपूरला भाड्याच्या खोल्यांत राहतात. खोली बघायला गेल्यावर आधी आडनाव विचारले जाते, मग गाव. परदेशातून शिकून 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही, हे आपण वाचलेले आहे. त्यामुळे कशीबशी मिळालेली खोली हातची जाऊ नये म्हणून आपण गप्प राहतो. नळ गळतो, मोरी तुंबते, भिंतीला ओल येते, पण घरमालकाला सांगायचे टाळतो. खोली सोडताना तीच ओल दाखवून डिपॉझिट कापले जाते.

आमच्यापैकी तिघांच्या बाबतीत हेच झाले. बाथरूमच्या भिंतीतला पाइप फुटला आणि खालच्या घराच्या छताला ओल आली. मालकाला दोनदा फोन केला होता. "बघतो" म्हणाले, बघितले नाही. निघताना अर्धे डिपॉझिट ठेवून घेतले, कारण काय, तर "तुम्ही पोरं पाणी सांडता." भिंतीच्या आतला पाइप आम्ही कधी पाहिलासुद्धा नव्हता. पण सांगितल्याचा पुरावा आमच्याकडे एकही नव्हता. म्हणून हा लेख.

साधी कसोटी अशी : भिंतीत, जमिनीखाली किंवा गच्चीवर जे आहे ते मालकाचे, रोज आपल्या हाताखाली जे झिजते ते आपले. केंद्र सरकारने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत दुरुस्तीची वाटणी जवळपास अशीच आहे. पाइप बदलणे, बांधकामाची दुरुस्ती, भिंतींचा रंग मालकाकडे. नळाचे वायसर किंवा नळ बदलणे, ड्रेनेज साफ करणे, संडासचे भांडे, बेसिन आणि गिझरची दुरुस्ती भाडेकरूकडे. राज्य स्वीकारत नाही तोवर हा कायदा बंधनकारक नाही, पण करार लिहिताना ही यादी समोर ठेवता येते. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर ही वाटणी वाजवी आहे असे आम्हाला वाटते. एक गोष्ट मात्र आम्हाला पटत नाही. पंधरा वर्षे जुने, आधीच तडा गेलेले संडासचे भांडे आज आलेल्या भाडेकरूने का बदलायचे? म्हणून राहायला जाताना जे आधीच मोडलेले आहे त्याचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा.

आता आपल्या राज्याचा कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे, भाडेकरूने वेगळे कबूल केलेले नसेल तर घर राहण्यायोग्य ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने दुर्लक्ष केले तर भाडेकरूने किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. त्याला मर्यादा आहे : एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. म्हणजे महिना 8,000 रुपये भाडे असेल तर वर्षाचे 96,000, आणि जास्तीत जास्त 24,000 रुपये. प्लंबरचे बिल, सामानाची पावती जपून ठेवा, कारण खर्चाचा हिशेब त्यावरच ठरतो.

इथे एक खाचखळगा आहे. कलम 14 'भाडेकरू'बद्दल बोलते. आपल्यातले बहुतेक जण मात्र अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतात आणि कायद्याच्या नजरेत ते भाडेकरू नसून परवानाधारक ठरतात. त्यांनी कुणाचे ऐकून भाडे कापू नये, आधी करार वाचावा. बहुतेक छापील करारांत "किरकोळ दुरुस्ती लायसन्सी करील" एवढेच असते आणि किरकोळ म्हणजे काय ते कुठेच लिहिलेले नसते. सही करण्याआधी तिथे एक ओळ घालून घ्या : "भिंतीतील व जमिनीखालील पाइप, टाकी आणि मुख्य ड्रेनेजची दुरुस्ती मालक स्वखर्चाने करील." एजंट कुरकुर करेल. करू द्या.

कलम 55 मात्र लिव्ह अँड लायसन्सलाही लागू आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तशी नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. नोंदणी नाही म्हणजे आपली बाजू लंगडी, असा समज आपल्या पोरांत आहे. तो उलटा आहे.

फ्लॅट सोसायटीत असेल तर आणखी एक पक्ष येतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरची पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन, तसेच गच्चीतून होणारी गळती ही सोसायटीची जबाबदारी; फ्लॅटमधल्या संडास-सिंकमुळे होणारी गळती सभासदाची, म्हणजे मालकाची. वरच्या मजल्यावरून पाणी झिरपत असेल तर सेक्रेटरीकडे अर्ज मालकानेच करायचा असतो, तुम्ही त्याला तो करायला लावायचा.

आपली बाजूही नीट ठेवा. सिंकमध्ये तेल ओतायचे, मोरीच्या जाळीत केस साचू द्यायचे आणि चोकअप झाल्यावर मालकाला फोन करायचा, हे चालणार नाही. ओल दिसल्यावर दोन महिन्यांनी सांगितले तर वाढलेल्या नुकसानीचे बोट आपल्याकडेच येते.

दुरुस्तीची मागणी केली म्हणून पाणी तोडले तर? पाणी आणि सफाईची सोय या कलम 29 प्रमाणे अत्यावश्यक सेवा आहेत. योग्य कारणाशिवाय मालकाला भाडेकरूच्या या सेवा बंद करता येत नाहीत. भाडेकरू न्यायालयात जाऊ शकतो आणि दोषी मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकांनी अशा वेळी करार घेऊन लगेच वकील गाठावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतल्या बौद्धांनाही हा दर्जा आहे, त्यामुळे जातीचे प्रमाणपत्र सोबत न्या.

आणि पहिली गळती दिसली त्याच दिवशी फोटो जोडून असा मेसेज पाठवा, त्याचीच प्रत सही करून स्पीड पोस्टानेही टाका :

"साहेब, आज दि. ___ रोजी बाथरूमच्या डाव्या भिंतीला ओल दिसली. नळ बंद असतानाही पाणी झिरपते, त्यामुळे भिंतीतला पाइप गळत असावा. फोटो सोबत आहेत. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत दुरुस्ती करून द्यावी. प्लंबर कधी येणार ते कळवा, आम्ही घरी थांबू."