निर्भयता, मोहकता आणि विवेकबुद्धी

ज्यांना मानसशास्त्रात 'सायकोपाथ' म्हणतात, त्यांच्या अंगचे काही विशेष हितकारक ठरू शकतात काय, असा प्रश्न हल्ली विचारला जातो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ केव्हिन डटन यांनी २०१२ सालच्या आपल्या ग्रंथात त्याला मर्यादित होकार दिला आहे. शल्यविशारद वा सैनिक यांना थंड डोके व निर्भयता उपकारक होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मंडळीत जबाबदारीच्या जागी माणसे निवडण्याचे काम आपणांवर असल्यामुळे हा प्रश्न आपल्याही विचाराचा आहे.

प्रथम संज्ञेचा अर्थ पाहू. हर्वी क्लेक्ली या अमेरिकन वैद्यांनी १९४१ साली या प्रकृतीचे सविस्तर वर्णन केले. बाहेरून शहाणपण व आकर्षकता, परंतु आत पश्चात्तापाचा व प्रेमाचा अभाव, हे तिचे मुख्य लक्षण होय. पुढे कॅनडाचे रॉबर्ट हेअर यांनी तिच्या परीक्षणासाठी २० बाबींची सूची तयार केली. २००९ साली ख्रिस्तोफर पॅट्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात तीन धागे दाखविले: धीटपणा, निर्दयता आणि असंयम. 'हितकारक' म्हणून जे सांगितले जाते, ते बहुतांशी पहिल्या धाग्यापुरते असते, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या परिसरातील एक घटना येथे उद्बोधक आहे. चार्ल्स शोभराज हा गोड बोलून परदेशी प्रवाशांचा विश्वास संपादन करी आणि त्यांना गुंगीचे औषध देऊन लुबाडी. मार्च १९८६ मध्ये तो पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तिहार तुरुंगातून निसटला. ६ एप्रिल १९८६ रोजी मुंबई पोलिसांचे निरीक्षक मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पर्वरी येथील एका उपाहारगृहात पकडले. १९७१ सालीही त्यांनीच त्याला अटक केली होती. पुढे नेपाळच्या न्यायालयाने खुनाबद्दल शोभराजला जन्मठेप दिली. २०२२ साली वयाच्या कारणाने त्याची सुटका झाली. त्याच्या मनाचे निदान करणे हे आमचे काम नव्हे. परंतु स्थिर चित्त त्या दिवशी दोघांपाशीही होते. एकाने ते इतरांना फसविण्यास वापरले, दुसऱ्याने इतरांच्या रक्षणास. यावरून दिसते की, धीटपणा स्वतः सद्गुणही नव्हे व दुर्गुणही नव्हे. तो कोणाच्या सेवेत आहे, यावर त्याचे मोल ठरते.

मंडळीच्या परंपरेला हा भेद नवा नाही. थॉमस अक्वायनस यांनी धैर्याला सद्गुण म्हटले, पण केवळ भयशून्यतेला दोष ठरविले. कारण ज्याला कशाचेच भय वाटत नाही, त्याच्या ठायी बहुधा प्रीतीच उणी असते. गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूने व्याकूळता टाळली नाही. ती सोसून त्याने पित्याच्या इच्छेचा स्वीकार केला. ख्रिस्ती धैर्य ते हेच. उलट अबशालोम वेशीपाशी उभा राहून प्रत्येकाशी जिव्हाळ्याने बोले, आणि त्याच मार्गाने त्याने इस्राएलाची मने चोरली (२ शमुवेल १५). त्याच्याजवळ मोहकता होती, निष्ठा नव्हती.

बडोद्यातील निजामपुऱ्यासारख्या वस्तीत, जेथे नोकरीधंद्यानिमित्त नवी कुटुंबे येऊन राहतात, एखाद्या वक्तृत्वसंपन्न नवागताच्या हाती खजिना वा तरुणसंघ सोपविण्याचा मोह होतो. अशा वेळी तीन गोष्टी पाहाव्यात. चूक दाखविली असता तो काय करतो? ज्याच्यापासून त्याला काहीच लाभ नाही, अशा दुर्बळाशी तो कसा वागतो? आणि हिशेब दुसऱ्यास दाखविण्यास तो राजी असतो काय? नाथानाचा शब्द ऐकून दावीद खचला. त्याची विवेकबुद्धी जिवंत होती, याची ती खूण होय.

मात्र, अबोल, रुक्ष किंवा अश्रू न ढाळणाऱ्या विश्वासू बांधवावर व्यासपीठावरून 'सायकोपाथ' असा शिक्का मारणे हा अन्याय होईल. निदान तज्ज्ञांनी करावे. सारांश, या प्रकृतीतील काही सुटे विशेष प्रीतीच्या अधीन झाल्यास उपयोगी पडतात. प्रीतीवाचूनची ती संपूर्ण प्रकृती मात्र कधीही वरदान ठरत नाही. तिने जखमी झालेल्यांची बाजू घेणे हे पाळकाचे पहिले कर्तव्य होय.