आठवणीची स्टेशने

मुलांनो, ठाण्याहून कल्याणला जाताना धीम्या लोकलला कोणकोणती स्टेशने लागतात, असे कोणी विचारले तर तुम्ही पुस्तक उघडणार नाही. लगेच सांगाल: ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. ही नावे तुम्ही कधी पाठ केली होती का? नाही. तुम्ही ती पाहिली, ऐकली आणि त्या वाटेने पुन्हा पुन्हा गेलात. म्हणून ती मनात बसली.

आता दुसरे चित्र पाहा. वर्गात एक मुलगा मान खाली घालून उभा आहे. काल रात्री त्याने धडा दहा वेळा वाचला होता. आज मात्र त्याला एकही उत्तर आठवत नाही. वर्ग हसतो. कोणी त्याला आळशी म्हणतो, कोणी 'ढ' म्हणतो. हाच मुलगा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. बिघडलेली सायकल झटपट दुरुस्त करतो. मग तो खरोखर 'ढ' आहे का?

हाच प्रश्न १८९६ साली इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांना पडला. त्यांच्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा आला होता. त्याची नजर चांगली होती. तो खेळात चपळ आणि बुद्धीने तल्लख होता. पण त्याला सोपे शब्दही वाचता येत नव्हते. त्याचे शिक्षक म्हणत, सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. डॉक्टरांनी ही हकिकत लिहून प्रसिद्ध केली.

आज अशा अडचणीला 'अध्ययन अक्षमता' म्हणतात. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनाच्या अडचणीला डिसग्राफिया आणि गणिताच्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया अशी नावे आहेत. हा आळस नाही. बुद्धीची कमतरताही नाही. अक्षर आणि आवाज यांची जोडी इतरांना सहज जमते. या मुलांना ती जमवताना फार कष्ट पडतात.

तुम्हाला हे लवकर समजेल, कारण तुम्ही दोन लिप्या शिकता. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी डावीकडून उजवीकडे. बे, पे, ते, से यांचा आकार एकच असतो. फरक फक्त नुक्त्यांचा. मराठीतही घ आणि ध, भ आणि म, ष आणि प सारखे दिसतात. सुरुवातीला सर्वांचाच गोंधळ होतो आणि हळूहळू मिटतो. काही मुलांचा गोंधळ मात्र वर्षानुवर्षे राहतो. त्यांची सारी शक्ती अक्षरे ओळखण्यात खर्च होते. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात मनातून निसटते.

मग काय करावे? एक वाट बंद असेल, तर दुसरी वाट धरावी.

पहिली वाट कानांची आणि हातांची. धडा कोणाकडून तरी वाचून घ्या, ऐका आणि आपल्या शब्दांत सांगा. अवघड अक्षर वाळूत किंवा पाटीवर बोटाने गिरवा. गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणा.

दुसरी वाट तुकड्यांची. दहा आकडी फोन नंबर एका दमात लक्षात राहत नाही. तीन, तीन आणि चार आकड्यांचे तुकडे केले की राहतो. लांब उत्तराचेही असेच लहान भाग करा.

तिसरी वाट चित्रांची. सूर्यमालेत आठ ग्रह आहेत आणि आपली स्टेशनेही आठ! सूर्य मुलुंडला ठेवा. ठाण्याला बुध आणि कळव्याला शुक्र बसवा. मुंब्र्याचा डोंगर पाहिला की पृथ्वी आठवेल. दिव्याची लाल ज्योत म्हणजे मंगळ. कोपरला भला मोठा गुरू दारात उभा आहे आणि सर्वांना कोपराने ढकलतो आहे. डोंबिवलीला गर्दीचे कडे, म्हणून शनी. मग ठाकुर्लीला युरेनस आणि कल्याणला नेपच्यून. चित्र जितके गमतीदार, तितके ते पक्के बसते. अशा युक्तींनी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्याही अधिक लक्षात राहते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

चौथी वाट उजळणीची. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले. १८८५ साली त्यांनी दाखवून दिले, की शिकलेले सुरुवातीला फार वेगाने विसरते. पुढे विसरण्याचा वेग कमी होतो. हिफ्ज करणारी मुले नवा सबक घेतात, तसाच जुना सबकही उस्तादांना पुन्हा पुन्हा ऐकवतात. तुम्हीही आजचा धडा उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने आठवा. पण पुस्तक मिटून आठवा. नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

एवढे करूनही अडचण राहिली, तर ती लपवू नका. अम्मी-अब्बांना आणि शिक्षकांना सांगा. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांची तपासणी होते. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. डॉ. मॉर्गन यांच्या लेखाला तेव्हा शंभर वर्षे झाली होती! तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळाले, तर दहावीला जादा वेळ मिळतो. गरजेप्रमाणे लेखनिक किंवा कॅल्क्युलेटरही घेता येतो. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातही अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. सवलत म्हणजे दया नव्हे. तो हक्क आहे.

मुलांनो, पुढच्या वेळी वर्गात कोणी अडखळले, तर हसू नका. सुटीत त्याच्या शेजारी बसा आणि धडा मोठ्याने वाचून दाखवा. कल्याणला जलद गाडीही जाते आणि धीमी गाडीही जाते. धीमी गाडी थोडी उशिरा येते, पण मुक्कामाला नक्की पोहोचते.

स्वाध्याय

१. वर्गातील मुलाला 'ढ' म्हणणे चूक का आहे?
२. उर्दू आणि मराठी लिपींतील सारखी दिसणारी अक्षरे शोधा व लिहा.
३. आठ स्टेशनांच्या मदतीने दुसऱ्या एखाद्या विषयातील आठ गोष्टी लक्षात ठेवा आणि वर्गात सांगा.