व्हॉन विल्यम्सची चौथी सिंफनी : ध्वनिमुद्रणांचा तौलनिक विचार

इंग्रज संगीतरचनाकार रेफ व्हॉन विल्यम्स (१८७२–१९५८) याने १९३१–३४ या काळात रचलेली एफ मायनरमधील चार भागांची सिंफनी. तिचा पहिला प्रयोग १० एप्रिल १९३५ रोजी लंडन येथे एड्रिअन बोल्टच्या संचालनाखाली बी.बी.सी. सिंफनी वाद्यवृंदाने सादर केला. अर्धस्वराच्या तीव्र संघर्षाने तिचा आरंभ होतो. लगतच्या स्वरांत घोटाळणारी चार स्वरांची एक आकृती आणि षड्ज-मध्यम अंतराने वर चढणारी दुसरी, या दोहोंवर संपूर्ण रचना आधारलेली आहे.

रचनाकाराने स्वतः १९३७ मध्ये याच वाद्यवृंदाकडून ती ध्वनिमुद्रित करून घेतली. सुमारे ३० मिनिटांत पूर्ण होणारे हे वादन विलक्षण वेगवान आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांचीच असे; तथापि एक भाग अनेक बाजूंवर विभागता येत असल्याने ही द्रुत लय केवळ तांत्रिक मर्यादेतून आली, असे म्हणता येत नाही. येथे विसंवादी स्वर धक्क्यासारखे येतात आणि श्रोत्याला उसंत मिळत नाही.

बोल्टने १९५३ मध्ये लंडन फिलहार्मॉनिक व १९६८ मध्ये न्यू फिलहार्मोनिया वाद्यवृंदांसह या कृतीची ध्वनिमुद्रणे केली. त्यांत रचनेचा बांध अधिक स्पष्ट होतो. न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकची दोन ध्वनिमुद्रणे परस्परभिन्न आहेत : डिमीट्री मिट्रोपूलोसचे (१९५६) तणावपूर्ण, तर लेनर्ड बर्नस्टाइनचे (१९६५) संथ व भारदस्त. बर्नस्टाइनच्या लयीत प्रत्येक संघर्ष सुटा ऐकू येतो. मात्र मूळचा आवेग काहीसा ओसरतो.

संहिताभेदही लक्षात घ्यावा लागतो. दुसऱ्या भागाच्या अखेरीस बासरीचा अंतिम स्वर मूळ संहितेत एफ होता. रचनाकाराने तो उत्तरायुष्यात बदलून ई केला. त्यामुळे १९३७ चे ध्वनिमुद्रण अधिकृत असले, तरी त्यात ही दुरुस्ती नाही.

यावरून रचनाकाराचे वादन हा महत्त्वाचा पुरावा असला, तरी तो अंतिम निर्णय नव्हे, हे स्पष्ट होते. त्याने लयीची दिशा दाखविली; पण स्वरलेखनात दडलेल्या इतर शक्यता पुढील संचालकांनीच उघड केल्या. म्हणून तौलनिक श्रवणात केवळ वेग न मोजता, त्या वेगात मूळ आकृती कितपत स्पष्ट राहतात आणि अखेरीस परतणारा आरंभीचा संघर्ष कितपत अटळ वाटतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.