शेवटची ओळ डोक्यातून का जात नाही? ‘तुका म्हणे’पासून ‘सैराट’च्या शांततेपर्यंत

(सूचना : या लेखात काही सिनेमे आणि कादंबऱ्यांचे शेवट सांगितले आहेत. ‘सैराट’ अजून पाहिला नसेल, तर आधी तो पाहून या.)

जून उजाडला, लोणावळ्यात पहिला दणदणीत पाऊस झाला की दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे भुशी धरणाच्या पायऱ्यांवरची गर्दी. दुसरी म्हणजे धुक्यातल्या डोंगराचा फोटो, त्यावर आयुष्याबद्दल चार ओळी, आणि त्या चार ओळींच्या शेवटी ‘तुका म्हणे’. फॅमिली ग्रुपवर काका टाकतात, मग आत्या टाकते, मग तोच फोटो कुणाच्या तरी स्टेटसला दिसतो.

बऱ्याचदा त्या ओळी तुकोबांच्या नसतात. पण शेवटचे ते दोन शब्द वाचले की वाचणाऱ्याच्या मनात शंकाच उरत नाही. वरच्या तीन ओळी कितीही सुमार असोत, शेवट भारदस्त असला की सगळंच भारदस्त वाटतं.

शेवटच्या ओळीत ही ताकद येते कुठून? जगभरातल्या कादंबऱ्या आणि सिनेमांच्या गाजलेल्या शेवटांच्या याद्या इंटरनेटवर पोत्याने सापडतात. पण मराठीत शेवटच्या ओळीची गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते, आणि तिचा मोठा भाग इंद्रायणीच्या काठी घडतो. ही नदी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते, मावळातून वाहत देहूला येते आणि पुढे आळंदीला जाते.

शेवटची ओळ म्हणजे सही

अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचं नाव येतं. त्याला नाममुद्रा म्हणतात. नामदेवांची ‘नामा म्हणे’, जनाबाईंची ‘जनी म्हणे’, चोखोबांची ‘चोखा म्हणे’, एकनाथांनी तर गुरूचं नाव जोडून ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा घेतली.

सतराव्या शतकात अभंग छापले जात नव्हते. अभंग कानांवरून कानांवर जायचे. कीर्तनात एकाने म्हटलेला अभंग दुसऱ्या गावात पोचेपर्यंत त्याचा कर्ता कोण, हे कळायला ती मुद्रा हाच काय तो आधार. आजच्या भाषेत सांगायचं तर कॉपीराइट, वॉटरमार्क आणि ब्लू टिक, तिन्ही एकाच जागी.

आणि वॉटरमार्क आला की तो पुसणाराही येतोच. सालोमालो नावाचा माणूस तुकोबांच्याच काळात त्यांचे अभंग घेऊन, शेवटचं नाव बदलून, आपले म्हणून गात असे, असं परंपरा सांगते. प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या सिनेमाची सुरुवातच या चोरीने होते. तुकोबा आपल्या तंद्रीत गातात आणि पुढच्याच दृश्यात सालोमालो तेच गाणं आपल्या नावावर खपवतो. दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकांनी खलनायकाची ओळख करून द्यायला मारामारी दाखवली नाही. त्याने शेवटची ओळ बदलली, एवढं पुरेसं होतं.

या सिनेमाबाबत एक गमतीशीर गोष्ट आहे. त्यातलं बीज, रोप आणि झाडाचा दृष्टांत देणारं गाणं तुकोबांचं नाही. ते कवी शांताराम आठवले यांनी सिनेमासाठी लिहिलं. पण ते इतकं बेमालूम उतरलं की अनेकांनी ते तुकोबांचंच धरून चाललं. आठवल्यांनी काही लपवलं नव्हतं, त्यामुळे सालोमालोच्या रांगेत त्यांना बसवायचं कारण नाही. पण ‘हे तुकोबांचंच वाटतंय’ आणि ‘हे तुकोबांचं आहे’ यात किती अंतर असतं, हे यातून कळतं.

मग खरं काय, हे ठरवायचं कसं?

तुकोबांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले, त्यांत संताजी जगनाडे यांचं नाव सगळ्यात महत्त्वाचं. व्यवसायाने तेली. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला, म्हणजे मावळ तालुक्यात आहे. रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, ही कथा सगळ्यांना माहीत असते. ज्यांनी ते शब्द कागदावर उतरवले, त्यांची आठवण मात्र कमी निघते. तळेगाव-चाकण रस्त्याने जाणाऱ्यांपैकी कितीजण सुदुंबऱ्याला वळत असतील?

सुदुंबऱ्यात एक आख्यायिका सांगतात. तुकोबा आणि संताजी यांचं ठरलं होतं की जो मागे राहील त्याने आधी जाणाऱ्याला मूठमाती द्यायची. तुकोबा आधी गेले. पुढे संताजींचा देह ठेवला तेव्हा लोकांनी कितीही माती टाकली तरी चेहरा झाकला जाईना. शेवटी तुकोबा येऊन मूठभर माती टाकून गेले, तेव्हाच समाधी पूर्ण झाली. इतिहास म्हणून नव्हे, गोष्ट म्हणून ऐका. लिहून घेणाऱ्याचा शेवट लिहिणाऱ्याशिवाय पुरा होत नाही, असं लोकांना वाटलं.

१८६९ ते १८७३ या काळात ‘इंदुप्रकाश’ छापखान्याने गाथेची मोठी छापील आवृत्ती काढली. आज गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग धरले जातात. आवृत्तीनुसार संख्या बदलते, काही अभंगांबद्दल अभ्यासकांत वादही आहेत. पण फॉरवर्ड तपासायला एवढं बास आहे. गाथा ऑनलाइन मिळते, शब्द टाकून शोधता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. दुसरी खूण भाषेची : ओळींमध्ये ‘टेन्शन’, ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘स्वतःवर प्रेम करा’ असं काही असेल, तर ती दोन मिनिटंही वाचतील.

कवी दिलीप चित्रे यांनी तुकोबांचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा पुस्तकाला नाव दिलं ‘सेज तुका’. म्हणजे ‘तुका म्हणे’. अभंगाच्या शेवटी येणारे शब्द पुस्तकाच्या कव्हरवर सगळ्यात आधी आले.

मेंदू शेवटालाच का धरून बसतो?

१९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला सांगितलं. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू एका अंशाने कमी गार केलं. मग विचारलं, यातलं पुन्हा काय कराल?

बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारा पर्याय निवडला. कारण त्याचा शेवट थोडा बरा होता. अनुभव किती वेळ चालला हे आठवणीत फारसं राहत नाही, त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट राहतो, असा या अभ्यासांचा निष्कर्ष.

आता गार पाणी आणि कादंबरी एकच नव्हे, हे मान्य. पण अडीच तासांचा बरा सिनेमा शेवटच्या दहा मिनिटांत फसला की आपण बाहेर येऊन ‘फालतू होता’ म्हणतो, त्यामागे हेच असावं.

आपल्या पूर्वजांनी हे प्रयोगाशिवाय ओळखलं होतं. व्रताच्या कहाण्यांना ‘सुफळ संपूर्ण’ हा ठरलेला शेवट असतो. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांच्या आसपास ओव्या आहेत, आणि महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत पाठ आहेत त्या अगदी शेवटाजवळच्या नऊ, म्हणजे पसायदान. ज्याने ज्ञानेश्वरी उघडलीही नाही त्यालाही तिचा शेवट येतो.

तळेगावचे गोनीदा आणि कडू विजय

मावळ आणि कादंबरी म्हटलं की गो. नी. दांडेकर. ते तळेगाव दाभाडेला राहायचे आणि किल्ले पायी पालथे घालायचे. ‘पवनाकाठचा धोंडी’ (१९५५) तुंग किल्ल्याच्या मुलखातली, ‘माचीवरला बुधा’ (१९५८) राजमाचीवर एकटा राहायला परतलेल्या म्हाताऱ्याची. आज राजमाचीला काजवे बघायला आणि टेंटमध्ये राहायला शेकड्यांनी पोरं जातात. सॅकमध्ये ‘बुधा’ टाकून नेलं तर वजन फार वाढत नाही, कादंबरी छोटीच आहे.

पण शेवटाबद्दल बोलायचं तर त्यांची ‘जैत रे जैत’ घ्यायला हवी. ती मावळाबाहेरची, घाटाखालच्या ठाकरांची. जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये तिच्यावर सिनेमा केला, तो बहुतेकांना गाण्यांमुळे आठवतो. राणीमाशीने नाग्याचा डोळा घालवलेला असतो आणि तो तिचं पोळं उठवायची शपथ घेतो. शेवटी तो ती पुरी करतो. पण त्याच माश्या चिंधीचा जीव घेतात. ‘जैत’ म्हणजे विजय. शीर्षकाचा अर्थ तुम्हाला पहिल्यापासून माहीत असतो, पण त्याची किंमत शेवटीच कळते.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’मध्ये याच्या उलटं केलं. आई आता नाही, हे वाचकाला सुरुवातीलाच ठाऊक असतं. तरी बेचाळीस रात्री वाचत जाऊन शेवटाकडे डोळे भरतातच. काय होणार हे लपवल्यानेच शेवट चांगला होतो, ही समजूत त्यामुळे फारशी टिकत नाही. स्पॉयलरवरून भांडणाऱ्यांनी नोंद घ्यावी (वर सूचना आम्हीही दिलीच आहे, ते सोडा).

लेखक यासाठी किती घाम गाळतात? हेमिंग्वेच्या ‘अ फेअरवेल टू आर्म्स’च्या २०१२ च्या आवृत्तीत त्याने लिहून बाजूला ठेवलेले ४७ शेवट छापले आहेत. ‘कॅसाब्लांका’ची (१९४२) जगप्रसिद्ध शेवटची ओळ तर चित्रीकरण संपल्यावर निर्मात्याने सुचवली आणि नंतर डबिंगमध्ये घातली गेली.

शेवट बदलला की गोष्टच बदलते

मराठी सिनेमाचे अलीकडचे सगळ्यात गाजलेले शेवट मात्र ओळीचे नाहीतच. ‘सिंहासन’ (१९७९) संपतो तो पत्रकार दिगू टिपणीसच्या वेड्या हसण्यावर. ‘फँड्री’त जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे खुर्चीत बसलेल्या तुमच्यावर. नंतर अंधार.

आणि ‘सैराट’ (२०१६). आर्ची-परश्याचं लहान मूल बाहेरून घरात येतं, रडत बाहेर जातं, आणि फरशीवर रक्ताने माखलेली पावलं उमटतात. आवाज पूर्ण बंद. अडीच तास अजय-अतुलच्या गाण्यांवर थिएटरात नाचलेला प्रेक्षक गप्प उठून बाहेर पडत होता.

दोन वर्षांनी हिंदीत ‘धडक’ आला. त्यात नायक आणि मूल मारले जातात, नायिका वाचते. ‘सैराट’मध्ये आई-बाप मारले जातात, मूल उरतं. मृत्यू दोन्हीकडे दोनच. पण मूल उरलं की प्रश्नही उरतो : हे मोठं होऊन काय करणार, आणि याला सांभाळणार कोण? ‘धडक’ दुःख देऊन थांबतो. ‘सैराट’ची ती पावलं चालत राहतात. जातीवरून होणाऱ्या खुनांच्या बातम्या थांबलेल्या नसताना हा फरक केवळ पटकथेचा उरत नाही.

शेवटावर सरकारचीही नजर असते. ‘शोले’त (१९७५) ठाकूर गब्बरला पायांनी चिरडून मारतो, असं आधी चित्रित झालं होतं. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरला ते चाललं नाही. कायदा हातात घेतलेला दिसता कामा नये म्हणून ऐन वेळी पोलीस आणले गेले, आणि आपण वर्षानुवर्षं तोच शेवट पाहिला. बाकीचा सिनेमा तसाच ठेवून फक्त शेवट बदलायला लावला, यावरून खरा अर्थ कुठे असतो ते सेन्सॉरलाही ठाऊक होतं असं दिसतं.

आवली जमिनीवरच राहते

पुन्हा १९३६ कडे. ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. मुंबईत तो एकाच थिएटरात वर्षभराहून जास्त चालला. त्याचा शेवट म्हणजे वैकुंठगमन. तुकोबांच्या निर्याणाबद्दल इतिहासकारांची मतं वेगवेगळी आहेत, सिनेमाने परंपरेतला शेवट घेतला. गरुडाच्या आकाराचं विमान येतं आणि विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा त्यात बसून जातात. ट्रिक सीन आज पाहिला तर हसू येऊ शकतं.

पण त्याच्या आधीचा भाग नीट बघा. तुकोबा बायकोला, आवलीला, आपल्याबरोबर वैकुंठाला चल म्हणतात. गौरी या अभिनेत्रीने रंगवलेली आवली सिनेमाभर त्यांच्यावर चिडलेली असते, कारण घरात दाणा नसतो आणि हा माणूस भजनात दंग. आताही तिला हे नेहमीचंच वेड वाटतं. तिला घर आहे, पोरं आहेत, त्यांचं जेवण व्हायचंय. ती जात नाही. विमान खरोखर आलं हे कळल्यावर ती धावत सुटते, तोवर ते वर चढलेलं असतं.

पुढच्या वेळी यूट्यूबवर तो प्रसंग लागला तर आकाशाकडे बघू नका, तिच्याकडे बघा. घरी चूल तशीच पेटलेली आहे.