ग्रीनची मशागत मे महिन्यातच

येरवड्यात विमानतळाच्या वाटेवर पूना क्लबचे अठरा होलचे गोल्फ मैदान आहे. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना असे मैदान हिरवे दिसले की कुणालाही वाटावे, उन्हाशी झुंजूनच हे राखले जात असणार. खरे तर पुण्याच्या हवेत ऊन हेच या गवताचे भांडवल आहे, आणि मैदानाची मोठी डागडुजी काढायची तर ती ऐन उन्हाळ्यातच काढावी. उष्ण मुलखातल्या मैदानांवर लावतात ते बर्मुडा गवत म्हणजे आपली हरळी. काळ्या रानात काशा वेचून वेचून शेतकरी जिच्यापुढे हात टेकतो, तीच. तिला २७ ते ३५ अंशांची ऊब मानवते. डिसेंबरात रात्रीचा पारा दहा-बारावर उतरला की ती आखडते. चेंडू अलगद ढकलून होलमध्ये घालतात त्या ग्रीनवर तिचे बुटके संकरित वाण असते. टिफड्वार्फ हे त्यातले जुने नाव, अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टन इथून ग्लेन बर्टन यांनी १९६५ मध्ये दिलेले. याच बर्टन यांच्या टिफ्ट २३ ए या वाणावरून त्याच वर्षी भारतात एचबी-१ ही पहिली संकरित बाजरी आली. गोल्फ म्हणजे नुसते श्रीमंतांचे चोचले म्हणणाऱ्यांनी एवढे नाते तरी ध्यानात ठेवावे. टिफड्वार्फला बी धरत नाही. नवे ग्रीन करताना धुमारे तोडूनच लावावे लागतात आणि तेही उबेतच चटकन धरतात.

ग्रीनवरचे गवत तीन-चार मिलिमीटरवर कापतात, तेही बहुधा रोज. पाते एवढे आखूड राहिले की अन्न कमी तयार होते, मुळे वरवरच राहतात, आणि मेलेल्या खोडामुळांचा तपकिरी थर साचत जातो. त्याला थॅच म्हणतात. पोकळ दातांच्या यंत्राने ग्रीन टोचले की बोटाएवढ्या मातीच्या कांड्या बाहेर पडतात. त्यातली एक मोडून पाहावी: वर स्पंजासारखा दबणारा थॅच, खाली माती, आणि निचरा तुंबलेला असेल तर मध्येच सडक्या अंड्याच्या वासाचा काळा पट्टा. गवत पिवळे पडण्याचे कारण पुष्कळदा या पट्ट्यात असते, आणि दोष मात्र उन्हाला दिला जातो. अशा ग्रीनला जास्त पाणी देणे म्हणजे दुखणे वाढवणे. उपाय एकच, भोके पाडून वाळू भरणे. अमेरिकी गोल्फ संघटनेने १९६० मध्ये घालून दिलेल्या पद्धतीत ग्रीनखाली सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान थर आणि त्याखाली १० सेंटिमीटर खडी असते. पावसात फुगणाऱ्या आणि उन्हात भेगाळणाऱ्या इथल्या काळ्या मातीवर त्याची गरज जास्तच. पण उपशावरच्या निर्बंधांमुळे नदीची वाळू सहज मिळत नाही, आणि बेसाल्टची क्रश सँड भुकटीसकट टाकली तर तीच भोके पुन्हा लिंपली जातात. ती धुऊन, चाळूनच घ्यावी लागते.

हेच काम पावसाळ्यात का नाही, असे कुणीही विचारील; तेव्हा पाणी फुकट असते. पण हरळीला पाण्याइतकाच लख्ख उजेड लागतो. जुलैत आठवडाभर आभाळ झाकोळलेले असले की आधीच आखूड कापलेले गवत विरळ होते, त्यावर जखमा केल्या तर त्या भरत नाहीत. शिवाय वाफसा नसताना यंत्र घातले तर चाके रुततात, ओली वाळू भोकांत उतरत नाही. मेमध्ये तीच भोके दोन-तीन आठवड्यांत बुजतात; डिसेंबरात तीच कैक आठवडे तशीच राहतील. सुट्टीत खेळायला येणाऱ्या सभासदांना खडबडीत ग्रीन मिळते ही तक्रार रास्त आहे, पण ती सोसण्याजोगी आहे. वळवाच्या सरीनंतर कडुनिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात आणि पुढे त्यांच्या अळ्या मुळे कुरतडतात. तोवर मुळे खोल गेलेली असणे हाच पहिला बचाव.

पाण्याचा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यातले आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला, तेव्हा मैदानावरच्या पाण्याचा हिशेब चारचौघांत मांडला गेला. गोल्फचाही मांडू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. मेमध्ये दिवसाला पाच मिलिमीटर धरले आणि अठरा ग्रीन मिळून एक हेक्टर धरले, तर रोज ५०,००० लिटर, म्हणजे दहा हजारी पाच टँकर. ग्रीनपर्यंत नेणारे गवताचे लांब पट्टे, म्हणजे फेअरवे, दहा-बारा हेक्टर धरले तर आकडा पाच-सहा लाखांवर जातो. तेव्हा खरा वाद ग्रीनचा नाहीच, फेअरवेचा आहे, आणि तिथे आक्षेप घेणाऱ्यांचे बरोबर आहे. फेअरवे खुशाल पिवळे पडू द्यावेत. काशा जमिनीत जिवंत राहतात, मृगात पुन्हा फुटतात. बारमाही हिरवे फेअरवे हा दूरचित्रवाणीवरच्या परदेशी स्पर्धांनी लावलेला नाद आहे. ग्रीनसाठी लागणारे पाणी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातले घ्यावे. त्यात क्षार असतात, सोडियमने काळी माती घट्ट होते, पण हरळी क्षार बरेच सोसते आणि जिप्समने माती मोकळी राखता येते. उरलेले क्षार जूनच्या दोन-तीन मोठ्या पावसांत खाली धुऊन जातात. अर्थात मेमध्ये भोके पाडून ठेवली असतील तर.